व्हिक्टर एकटा पडला तो नेमका कधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्हाला एम.ए.ला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ आहे आणि ‘ध्यासातून एकटेपणा कसा येतो’ यावर निबंध लिहायचा आहे. गाइडमध्ये महत्त्वाकांक्षा, मग एकांत, मग सर्वनाश असा तीन पायऱ्यांचा जिना दिलाय. कादंबरी प्रत्यक्ष वाचल्यावर मात्र तुम्ही अडखळलात. निर्जीव देहात जीव ओतणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनला प्रेमळ वडील आहेत, जिवाला जीव देणारा मित्र आहे, वर्षानुवर्षं वाट बघणारी एलिझाबेथ आहे. मग हा माणूस एकटा आहे तरी कुठे?

तुम्हाला खटकलं ते बरोबर जागी खटकलं. मी चोवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं हाच जिना फळ्यावर काढत होते. पोरं वहीत उतरवून घ्यायची, मार्कही मिळायचे. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने असा काही प्रश्न विचारला की मला घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. तो प्रश्न शेवटी सांगते.

आधी एक अडचण. तुमच्या हातात कोणती आवृत्ती आहे? कादंबरी पहिल्यांदा लंडनमध्ये १८१८ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपली त्या साली, तीन खंडांत आली; लेखिकेचं नावही त्यावर नव्हतं. १८३१ साली मेरी शेलीने ती बरीच बदलून पुन्हा छापली. तुमच्या विषयापुरता महत्त्वाचा फरक असा की १८३१च्या व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषा जास्त आहे. ‘माझं नशीबच तसं होतं’ असं तो परत परत सुचवतो. १८१८मधला व्हिक्टर स्वतःच्या पायाने चालत खड्ड्यात जातो. एकटेपणा हा त्याच्या निवडींचा परिणाम आहे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर पहिली आवृत्ती तुमच्या बाजूने बोलते. दुसरी वापरणार असाल तर नियतीच्या त्या वाक्यांना उत्तर द्यावं लागेल. प्रकरणांचे क्रमांकही जुळत नाहीत. जुन्या आवृत्तीत प्रत्येक खंडात प्रकरण एकपासून सुरू होतं, नवीत सलग चोवीस प्रकरणं आहेत. मी खाली नव्या आवृत्तीचे क्रमांक देते, कारण बाजारात स्वस्तात तीच मिळते.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपल्याकडे ‘एकांत’ आणि ‘एकटेपणा’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचा फायदा घ्या. एकांत माणूस मागून घेतो, आणि काम झालं की त्यातून उठून बाहेर येतो. जर्मनीतल्या इंगोलश्टाटला व्हिक्टर जे करतो त्याची सुरुवात एकांताने होते आणि त्यात वावगं काही नाही. सतरा वर्षांचा मुलगा जिनिव्हाहून शिकायला आलाय, नुकतीच आई गेलीय, आणि वाल्डमन नावाच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्राची अशी काही थोरवी सांगितली की पोरगा झपाटला. ‘झपाटला’ हा शब्द मुद्दाम वापरते. ध्यास आपण घेतो. झपाटतं ते दुसरंच कोणीतरी. चौथ्या प्रकरणात तुम्हाला हा बदल वाक्यावाक्यात दिसेल. सुरुवातीला तो अभ्यास करतो, आणि पुढेपुढे अभ्यासच त्याला फरफटत नेतो.

त्या प्रकरणात त्याची खोली बारकाईने बघा. घराच्या अगदी वरच्या मजल्यावरची, बाकीच्या खोल्यांपासून एका सज्जाने आणि जिन्याने तोडलेली. तो स्वतःच तिला आधी खोली म्हणतो आणि लगेच दुरुस्त करून कोठडी म्हणतो. गॉथिक, म्हणजे भय-गूढाच्या, कादंबरीत जुना वाडा असतो, तळघर असतं, तिथे कोणीतरी दुसऱ्याला डांबलेलं असतं. इथे वाडा नाही, विद्यार्थ्याची भाड्याची खोली आहे, आणि आत डांबलेला आणि बाहेरून कडी लावणारा एकच माणूस आहे. परीक्षेत ‘गॉथिक’ हा शब्द आला की सगळे वीज, वादळ आणि प्रेतं लिहितात. तुम्ही त्या खोलीचा हा जिना लिहा. (जाता जाता, जीव ओतण्याच्या प्रसंगात पुस्तकात विजेची यंत्रं नाहीत, नोव्हेंबरची रात्र, पाऊस आणि विझत आलेली मेणबत्ती एवढंच आहे. यंत्रं सिनेमाने आणली. व्हिक्टर डॉक्टरही नाही, विद्यार्थी आहे.)

बाहेर त्या वर्षी उन्हाळा सुंदर पडलाय, शेतं भरलीयत, द्राक्षं लगडलीयत, आणि याला काही दिसत नाही. पण माझ्या मते निर्णायक तपशील ऋतूंचा नाही, पत्रांचा आहे. वडिलांनी आधीच बजावलेलं असतं की तुझी पत्रं थांबली तर मी समजेन की बाकीच्या कर्तव्यांकडेही तुझं दुर्लक्ष झालंय. व्हिक्टरला हे शब्द आठवतात. वडिलांना काय वाटत असेल हे आपल्याला पुरेपूर ठाऊक होतं असं तो स्वतः सांगतो, आणि तरीही लिहीत नाही. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी आईचा फोन वाजत असताना मी तो उलटा करून ठेवायचे, ‘धडा संपला की करू’ म्हणून. धडा संपायचा, फोन व्हायचा नाही. म्हणून हे पान शिकवताना मला फार सोंग आणावं लागत नाही.

याच पानावर एक सापळा आहे. व्हिक्टर म्हणतो की जो अभ्यास तुमची माया आटवतो तो अभ्यास माणसाला शोभणारा नव्हेच. माणसांनी हा नियम पाळला असता तर ग्रीस गुलाम झाला नसता, मेक्सिको आणि पेरूची राज्यं बुडाली नसती. गाइडवाले हे वाक्य उचलतात आणि ‘कादंबरीचा संदेश’ म्हणून छापतात. लगेच पुढचं वाक्य मात्र कोणी वाचत नाही. त्यात व्हिक्टर ऐकणाऱ्याला, म्हणजे बर्फातल्या जहाजावर त्याची सगळी हकिकत ऐकणाऱ्या वॉल्टनला, म्हणतो, मी गोष्टीच्या ऐन रंगात उपदेश करत बसलो, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की पुढे सांगायला हवं. म्हणजे मेरी शेलीने उपदेश त्याच्या तोंडी घातला आणि तिथेच त्याला थांबवलं. हाच माणूस शेवटच्या प्रकरणात, मरायला टेकलेला असताना, बर्फात अडकलेल्या खलाशांना ‘माघारी फिरू नका, मर्द व्हा’ असं भाषण ठोकतो. मरताना एकदा ‘महत्त्वाकांक्षा टाळ’ म्हणतो आणि पुढच्याच श्वासात ‘मला नाही जमलं, दुसऱ्या कोणाला जमेलही’. ज्याला स्वतःचा धडा स्वतःला पटलेला नाही, त्याचं एक वाक्य तोडून आपण संदेश म्हणून कसं लावायचं?

मग एकटेपणा येतो कुठून? मी वर्गात एक साधं काम देते. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे व्हिक्टरसमोर ऐकायला तयार असलेलं माणूस आहे आणि तो बोलत नाही, तिथे समासात फुली मारा. तुम्हीही मारून बघा. काम चालू असतानाच्या फुल्या कमी येतात. खऱ्या फुल्या सुरू होतात काम संपल्यावर, म्हणजे ध्यास उतरल्यावर. गाइडचा जिना मोडतो तो इथे.

तो जीव डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. (मी त्याला ‘जीव’ म्हणते, कारण पुस्तकात त्याला नाव नाही, ‘फ्रँकेन्स्टाईन’ हे नाव घडवणाऱ्याचं.) दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका मित्र हेन्री क्लर्व्हल गाडीतून उतरतो. व्हिक्टर त्याला खोलीवर आणतो, आधी स्वतः आत डोकावतो, खोली रिकामी बघून आनंदाने टाळ्या वाजवतो आणि मग आजारी पडतो. हेन्री कित्येक महिने त्याची शुश्रूषा करतो. त्या कित्येक महिन्यांत व्हिक्टर त्याला एक अक्षर सांगत नाही. इथे मोठी फुली. सहा वर्षांनी तो घरी परततो तेव्हा धाकटा भाऊ विल्यम मारला गेलाय आणि घरातली मोलकरीण जस्टिन त्या खुनाच्या आरोपाखाली उभी आहे. खून त्याने घडवलेल्या जिवाचं काम आहे, ती निर्दोष आहे, हे साऱ्या जिनिव्हात याला एकट्याला खात्रीने ठाऊक आहे. तो गप्प राहतो. लोक वेड्यात काढतील हे कारण तो देतो. जस्टिन फासावर जाते.

ते कारण अगदीच खोटं नाही, हे मान्य करायला हवं. पुढे तो जीव हेन्रीलाही मारतो. आयर्लंडमध्ये त्या खुनाच्या संशयातून सुटल्यावर व्हिक्टर वडिलांजवळ बरळल्यासारखं बोलून जातो की विल्यम, जस्टिन, हेन्री हे सगळे माझ्यामुळे मेले. वडील समजतात की तापाचा परिणाम आहे. सगळं संपल्यावर जिनिव्हाच्या न्यायाधीशासमोर तो पहिल्यांदा सविस्तर हकिकत सांगतो, तेव्हा तोही अखेर त्याला भ्रमिष्टासारखंच वागवतो. म्हणजे भीतीला आधार होता. पण क्रम बघा. ज्यांनी विश्वास ठेवला असता त्यांना तो सांगत नाही, आणि सांगतो तेव्हा ऐकणारा परका असतो. लग्नाआधी एलिझाबेथला तो पत्र लिहितो की माझं एक भयंकर गुपित आहे, ते मी तुला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगेन. तो दुसरा दिवस उजाडत नाही, कारण लग्नाच्या रात्रीच तिचा खून होतो. अख्ख्या पुस्तकातलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर मी बाविसाव्या प्रकरणातलं हे सुचवीन. तुमच्या निबंधाचा सगळा भार ते एकटं पेलेल.

एकोणिसाव्या प्रकरणाआधीचा एक लहान तपशीलही सोडू नका. त्या जिवासाठी जोडीदारीण घडवायचं कबूल करून व्हिक्टर इंग्लंडला निघतो तेव्हा त्याला एकट्याने जायचं असतं. वडील आणि एलिझाबेथ त्याला न विचारता परस्पर ठरवून हेन्रीला स्ट्रासबुर्गमध्ये त्याच्यासोबत जोडून देतात. घरच्यांना गुपित ठाऊक नाही, पण पोरगा घसरतोय हे त्यांना कळतं. आणि व्हिक्टर काय करतो? पुढे स्कॉटलंडमध्ये हेन्रीला मागे ठेवून ऑर्कनीच्या एका बेटावर निघून जातो. त्या बेटावर माणसं पाच, झोपड्या तीन, त्यातली एक रिकामी होती ती याने भाड्याने घेतली. इंगोलश्टाटच्या वेळी शहर गजबजलेलं होतं आणि त्यात एक खोली तोडलेली होती. इथे त्याने राहायला जागाच अशी शोधली की आसपास माणूस नको. दोन्ही जागा शेजारी ठेवून चार ओळी लिहा.

आता त्या जिवाकडे येऊ, कारण निम्मी कादंबरी त्याची आहे आणि बाण तिथे उलटा फिरतो. व्हिक्टरच्या बाबतीत ध्यासातून एकटेपणा आला. जिवाच्या बाबतीत एकटेपणातून ध्यास येतो. तो जन्मतः कोणाच्या मागे लागलेला नाही. डी लेसी नावाच्या एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून तो भाषा शिकतो, त्यांच्यासाठी रात्री गुपचूप लाकडं तोडून आणतो, आणि धीर गोळा करून बोलायला जातो ते घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी. म्हातारा नीट ऐकतो. डोळस मुलं घरी येतात आणि फेलिक्स काठीने झोडपतो. पानांच्या क्रमाने त्याआधी, दहाव्या प्रकरणात, आल्प्सच्या हिमनदीवर, व्हिक्टर ओरडतो की माझ्या नजरेसमोरून हो, तेव्हा तो जीव आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर धरतो आणि म्हणतो की असं कर, आता तरी ऐक. ही दोन दृश्यं मी नेहमी एकत्र शिकवते. याचं पहिलं मागणं जोडीदारीण नाही. ‘माझी गोष्ट ऐकून घे’ हे आहे. जोडीदारीण नंतर येते, आणि व्हिक्टर तिला अर्धवट असतानाच फाडून टाकतो तेव्हा त्या जिवापाशी जगात एकच नातं उरतं, ते म्हणजे व्हिक्टरवरचा सूड.

शेवटचा पाठलाग वाचताना अंगावर येतं ते थंडीमुळे नाही. झाडांच्या सालींवर, दगडांवर तो जीव व्हिक्टरसाठी निरोप कोरून ठेवतो. एका ठिकाणी लिहितो की इथे जवळच मेलेला ससा ठेवलाय, तो खा आणि ताजातवाना हो. ज्याला वडील, मित्र, बायको सगळे होते त्याच्या जेवणाची काळजी आता त्याचा वैरी करतोय. व्हिक्टर मेल्यावर जहाजाच्या खोलीत येऊन त्याच्या प्रेतावर रडणाराही तोच. प्रश्नपत्रिकेत ‘परस्परसंबंध’ असा शब्द आला तर हा ससा विसरू नका.

वॉल्टनबद्दल बहुतेक मुलं शेवटच्या परिच्छेदात दोन ओळी टाकतात. तसं करू नका, कारण तुमच्या मुद्द्याचा पडताळा तोच देतो. उत्तर ध्रुवाकडे निघालेला हा तरुण व्हिक्टरइतकाच पेटलेला आहे. सहा वर्षं तयारी केलीय, आणि दुसऱ्याच पत्रात बहिणीला, मार्गारेटला, लिहितो की मला मित्र नाही. म्हणजे ध्यासही आहे आणि एकटेपणाही आहे. तरी त्याची गत व्हिक्टरसारखी का होत नाही? तो लिहितो म्हणून. पत्र पोचेल की नाही याची खात्री नसताना मार्गारेटला सगळं सांगतो, स्वतःच्या भीतीसकट. आणि खलाशी परत फिरायची मागणी घेऊन येतात तेव्हा अखेर त्यांचं ऐकतो. फार गोड करून मात्र लिहू नका. तो शहाणा होऊन परतत नाही, कुरकुरत परततो. लोकांच्या भित्रेपणाने माझ्या आशा बुडाल्या असं लिहितो. मला हे आवडतं. मेरी शेलीने त्याला साक्षात्कार दिला नाही, फक्त वाचवलं.

लेखिकेच्या आयुष्याबद्दल तुम्ही विचारलंय की किती लिहावं. थोडं लिहा. ती अठरा वर्षांची असताना, १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली आणि त्यातून हे सुचलं, हे सगळ्यांना माहीत असतं. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्यामुळे युरोपात तो उन्हाळा आलाच नाही. तिची आई तिच्या जन्मानंतर अकरा दिवसांत गेली आणि तिचं पहिलं बाळही १८१५ साली गेलं. घडवणारा निघून गेला तर घडलेल्याचं काय, हा प्रश्न तिच्या घरातलाच होता असं म्हणता येतं. पण दोन पानं चरित्रावर खर्च करून पुस्तकाला अर्धं पान ठेवणारे निबंध मी दरवर्षी तपासते आणि मार्क कापते. चरित्र एका परिच्छेदात आटपा.

मांडणीबद्दल एवढंच. सुरुवातीलाच म्हणा की ध्यास आणि एकटेपणा यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट आहे, न सांगणं, आणि ती नसती तर पहिलीतून दुसरी आली नसती. मग वरची खोली आणि थांबलेली पत्रं घ्या. हेन्री, जस्टिन आणि लग्नानंतरच्या दिवसाचं वचन ही तीन मौनं सविस्तर लिहा. जागा इथे खर्च करा. मग जिवाचा उलटा बाण, आणि वॉल्टनचा पडताळा. ऑर्कनी जमलं तर घाला. परीक्षक जुन्या वळणाचे असतील आणि त्यांना ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द हवाच असेल तर वापरा, त्याने तुमच्या मुद्द्याला धक्का लागत नाही.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न. मी फळ्यावर मेलेल्यांची यादी काढत होते: विल्यम, जस्टिन, हेन्री, एलिझाबेथ, वडील. म्हटलं, आता व्हिक्टरचं या जगात कोणी उरलं नाही. ती म्हणाली, “मॅडम, मग अर्नेस्टचं काय झालं?” अर्नेस्ट हा व्हिक्टरचा मधला भाऊ. मी म्हटलं बघून सांगते, आणि घरी जाऊन बघितलं. एलिझाबेथच्या मृत्यूनंतर तेविसाव्या प्रकरणात व्हिक्टर म्हणतो की वडील आणि अर्नेस्ट अजून जिवंत आहेत. पुढे वडील जातात. चोविसाव्या प्रकरणात जिनिव्हा सोडायच्या रात्री तो स्मशानात जातो, विल्यम, एलिझाबेथ आणि वडील जिथे पुरलेत तिथे गुडघे टेकतो, सूडाची शपथ घेतो आणि निघून जातो. अर्नेस्ट मेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. त्याचं नावच पुन्हा येत नाही. त्याच गावात, कदाचित त्याच घरात, एक सख्खा भाऊ बसलेला होता, आणि त्याचा निरोप घ्यायचंही व्हिक्टरला सुचलं नाही. वॉल्टनला पुढची हकिकत सांगतानाही तो पुन्हा आठवला नाही.

काही अभ्यासक याला लेखिकेची नजरचूक म्हणतील. असेलही. पण त्या वर्षीपासून मी फळ्यावरच्या यादीच्या शेजारी अर्नेस्टचं नाव वेगळं लिहिते आणि ते पुसायचं काम वर्गावर सोडते. तुमच्या निबंधात त्याच्यासाठी दोन ओळी ठेवा.